गावच्या विहिरीभोवतीचे पाचशे मीटर

बालाघाटी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. चार-पाच वर्षं इथे वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. विषय भूजल कायद्याचा आहे, पण सुरुवात आमच्या गावच्या विहिरीपासून करतो.

आमचं गाव जालना-बीडच्या हद्दीवर. नळयोजनेची विहीर ओढ्याकाठी, चौदा मीटर खोल. उन्हाळ्यातही दोन तास मोटर चालवली की टाकी भरायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत विहीर पुन्हा होती तेवढी व्हायची. गेल्या एप्रिलमध्ये एका रात्री ओढ्यापलीकडे बोअरची गाडी आली. पहाटेपर्यंत तिचा आवाज गावभर येत होता. सकाळी जाऊन पाहिलं तर ६४० फूट मारलेलं, तीन इंची पाणी लागलेलं, नारळ फुटलेला. आठ दिवसांत आमच्या विहिरीची मोटर वीस मिनिटांत हवा ओढायला लागली. बायाबापड्या पुन्हा हंडे घेऊन बांधाबांधाने फिरू लागल्या.

मी आणि अजून दोघांनी टेप घेऊन अंतर मोजलं. २८० मीटर भरलं. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर किंवा बोअर घेता येत नाही, एवढं ऐकून माहीत होतं. अर्ज केला. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने विचारलं, "तुमची विहीर अधिकृत सार्वजनिक स्रोत आहे याचा कागद आणा." तीस वर्षं सगळं गाव जिचं पाणी पितं, तिचा कागद शोधायला आम्हाला सोळा दिवस लागले. मग पंचनामा झाला.

पुढे काय झालं ते मला सगळ्यात जास्त लागलंय. मे महिन्यात टंचाई म्हणून तेच बोअर गावासाठी अधिग्रहित झालं. म्हणजे विहिरीतलं पाणी ज्या बोअरने ओढलं, त्याच बोअरचं पाणी गावाला मिळालं आणि मालकाला सरकारकडून अधिग्रहणाचा मोबदला. आम्ही तक्रारदार होतो, त्याचे लाभार्थी झालो.

बोअर मारणारा माझ्या भावकीतलाच आहे, वाईट माणूस नाही. पाच वर्षांची मोसंबीची बाग डोळ्यांदेखत वाळत होती त्याची. त्याच्याशी भांडण नाही. मला समजून घ्यायचंय की कायदा असताना ती गाडी रात्री शिवारात आली कशी, आणि पुढची येऊ नये म्हणून आमच्यासारख्या गावाने नेमकं काय करायचं. जाणकारांनी मनावर घ्यावं ही विनंती.

---

काळाकोट

बालाघाटी, धागा काढलात हे फार बरं केलंत. वीसेक वर्षं महसूल आणि पाण्याच्या दाव्यांत काम करतेय, म्हणून थोडं मुळापासून लिहिते.

आपल्याकडे नदी-नाल्याचं पाणी आणि जमिनीखालचं पाणी यांना कायद्याने सुरुवातीपासून वेगळी वागणूक दिली. नद्या, ओढे, नाले, तळी आणि त्यांतलं पाणी सरकारचं, हे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० मध्ये स्पष्ट आहे. जमिनीखालचं पाणी मात्र १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम ७ ने जमीनमालकाच्या पदरात टाकलं. ठरलेल्या प्रवाहातून न वाहणारं जमिनीखालचं पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा आणि वापरण्याचा हक्क प्रत्येक मालकाला, असं त्याचं उदाहरणच कलमात दिलंय. ही कल्पना इंग्लंडहून आली. १८४३ च्या ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल खटल्यात एकाच्या कोळशाच्या खाणीमुळे शेजारच्या कापड गिरणीची विहीर आटली आणि कोर्टाने सांगितलं की गिरणीमालकाला दाद मागता येणार नाही. जमिनीखाली पाणी कसं फिरतं हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून न्यायाधीशांनी तो प्रश्नच मालकीत मिटवून टाकला. तुमच्या भावकीतला माणूस "माझ्या रानात माझं पाणी" म्हणत असेल, तर त्यामागे हे पावणेदोनशे वर्षांचं ओझं आहे.

ते ओझं उतरवायचे प्रयत्न झाले. डिसेंबर १९९६ मध्ये कमलनाथ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निसर्गसंपत्ती सरकारकडे जनतेची विश्वस्त म्हणून असते. त्याच महिन्यात एम. सी. मेहता प्रकरणातल्या आदेशामुळे पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केंद्रीय भूजल प्राधिकरण नेमावं लागलं, ते १९९७ च्या जानेवारीत आलं. केरळात प्लाचीमाडाला कोका-कोलाच्या कारखान्यावरून पंचायत उभी राहिली. २००३ मध्ये उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने भूजल ही लोकांची ठेव मानली, आणि २००५ मध्ये द्विसदस्यीय पीठाने पुन्हा मालकाच्या हक्काकडे झुकून रोज पाच लाख लिटरपर्यंत उपशाला वाट दिली. दोन वर्षांत, त्याच इमारतीत, दोन निकाल. यावरून कळेल की प्रश्न अजून मिटलेला नाही.

आता महाराष्ट्र. पाचशे मीटरची अट १९९३ च्या कायद्यापासूनची, तो फक्त पिण्याच्या पाण्यापुरता होता. मग आला महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९. विधिमंडळाने मंजूर केल्यावर राष्ट्रपतींची संमती मिळून तो लागू व्हायला १ जून २०१४ उजाडला. त्यात पिण्याच्या स्रोतांच्या संरक्षणाचं स्वतंत्र प्रकरण आहे. ६० मीटरच्या, म्हणजे साधारण २०० फुटांच्या खालची खोल विहीर शेती किंवा उद्योगासाठी घ्यायला परवानगी द्यायचीच नाही असं कलम आहे. विहीरमालकांची नोंदणी आहे, बोअरच्या गाड्यांची नोंदणी आहे, पाणलोट पातळीवर समित्या आहेत, पीक आराखडा आहे. राज्य भूजल प्राधिकरणाचं काम जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडे दिलंय.

तुमच्याकडचं बोअर ६४० फुटांचं. दोन कारणांनी ते मारलं जायलाच नको होतं.

---

पाऊलवाट

वाचतेय. बोअरची गाडी नेहमी रात्रीच का येते, हा प्रश्न आमच्या गावातही आहे.

---

संत्रावाला_वरुड

काळाकोट ताई, माहिती चांगली आहे, पण माझी बाजूही ऐकून घ्या.

मी वरुड-मोर्शी भागातला संत्रा उत्पादक. आमचा भाग अतिउपशाचा म्हणून वर्षानुवर्षं यादीत आहे. वडिलांच्या काळी विहिरीला चाळीस फुटांवर पाणी होतं. माझ्या शेतात आज तीन बोअर कोरडी पडलेली आहेत, चौथं ८०० फुटांवर चालतं. मी काही शौक म्हणून मारलं नाही. संत्र्याचं झाड एक उन्हाळा पाण्यावाचून राहिलं की दहा वर्षांची मेहनत जळणाला जाते. मी स्वतः तोडली आहेत झाडं. कुऱ्हाडीचा पहिला घाव घालताना हात उचलत नाही हो.

आता सांगा, कालव्याखालच्या माणसाला धरणाचं पाणी मिळतं, धरण सरकारने सगळ्यांच्या पैशाने बांधलं, तो ऊस लावतो आणि त्याला कुणी फुटाचं माप विचारत नाही. माझ्या वाट्याला कालवा नाही, धरण नाही. मी कर्ज काढून जमिनीत भोक पाडलं. आणि कायदा येतो तो माझ्याकडे. २०० फुटांची मर्यादा उद्या खरोखर लागू झाली, तर आमच्या तालुक्यातले निम्मे बगीचे एका हंगामात जातील. २०१८ मध्ये नियमांचा मसुदा आला तेव्हा आमच्याकडे हीच भीती होती.

पिण्याच्या विहिरीजवळ बोअर नको, हे मला शंभर टक्के मान्य. गावची तहान आधी. पण बाकी शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवून पाणी वाचणार नाही.

---

मांजऱ्या

मी निवृत्त भूवैज्ञानिक. नोकरीतली तीसेक वर्षं विहिरीत टेप सोडण्यात गेली, म्हणून खालची बाजू सांगतो.

महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग काळ्या पाषाणाचा. लाव्हाचे थर एकावर एक. प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र, त्याला आपण मांजऱ्या म्हणतो, खालचा भाग कठीण आणि भेगाळ. दोन थरांमध्ये कधी लाल गेरूचा पट्टा. पाणी साठतं ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या भागात, मुरमात आणि मांजऱ्यात. तेही किती? शंभर घनमीटर खडकातून एक ते तीन घनमीटर पाणी सुटतं. नदीकाठच्या वाळूच्या मानाने हे फारच थोडं. त्यामुळे आपली भूजलाची तिजोरी एका पावसाळ्यात भरते आणि एका उन्हाळ्यात रिकामी होते.

६०० फुटांवर जे लागतं ती तिजोरी नव्हे, ती भेग. तिच्यात जुनं पाणी असतं, सुरुवातीला तीन इंची जोरात येतं, मालक खूष होतो. पण ती भेग पुन्हा भरायला वाट नसते. मग पाणी येतं कुठून? बालाघाटी, तुमच्या विहिरीचं उत्तर बहुधा इथे आहे. बोअरला वरचे वीस-तीस फूट केसिंग, म्हणजे पाइपचं अस्तर, घालतात, माती ढासळू नये एवढ्यापुरतं. त्याखाली भोक उघडंच. वरच्या मांजऱ्यातलं पाणी त्या उघड्या भोकातून खालच्या रिकाम्या भेगेत उतरत राहतं. मोटर बंद असली तरी उतरतं. रात्री कान लावला तर कोरड्या बोअरमध्ये पाणी पडल्याचा आवाज येतो, मी स्वतः अनेक गावांत ऐकलाय. कोरडं म्हणून सोडून दिलेलं बोअरसुद्धा असं शेजारच्या विहिरीचं पाणी गिळत बसतं. म्हणून संत्रावाला दादा, तुमची ती तीन कोरडी बोअर आधी नीट बुजवा. चौथ्याचं आयुष्य वाढेल.

कायद्यात फुटांचं माप का आलं, तेही यातून कळेल. खोलीची अट शेतकऱ्याला छळायला घातलेली नाही. वरच्या थराचं पाणी दरवर्षी पावसाने भरून निघतं, म्हणून तेवढंच वापरा असा तिचा अर्थ. तरी दादांचं एक म्हणणं बरोबर आहे. सगळीकडे एकच माप लावणं खडकाला धरून नाही. तापीच्या गाळात आणि वरुडच्या पाषाणात एकच २०० फूट कसे चालतील? पाणलोट समितीने आपल्या खडकाप्रमाणे ठरवावं, अशी सोय हवी.

राज्य सरकारच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या राज्यभरात सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरी आहेत. वर्षातून चारदा, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे मध्ये पातळी मोजतात. तुमच्या पाणलोटातली निरीक्षण विहीर कुठली, हे विचारून घ्या. तिच्या जुन्या नोंदी हाच तुमचा मोठा पुरावा.

---

कऱ्हाकाठ

मी पुरंदरची. आमच्याकडे ७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावपासून पाणी पंचायत उभी केली. कायद्याच्या चर्चेत तिचं नाव यायलाच हवं, कारण वर ताईंनी जो जमीन आणि पाण्याचा सांधा सांगितला, तो त्यांनी सरळ तोडला होता.

नियम असा की पाणी जमिनीच्या हिशोबाने द्यायचं नाही, माणसांच्या हिशोबाने द्यायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि घराला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालासुद्धा पाण्यात वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जात नाही. ऊस लावायचा नाही. माझी आजी सांगायची, पाणी सोडणारा पाटकरी गावानेच नेमलेला असायचा. पाळी आली की ती कंदील घेऊन बांधावर उभी राहायची, कुणाचं दार किती वेळ उघडं आहे ते बघायला. तिच्या नावावर एक गुंठा नव्हता, पण पाण्यात तिचा वाटा होता.

हिवरे बाजारचंही तेच. पोपटराव पवारांच्या गावाने शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस-केळी बंद केली, आणि दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात. २००९ चा कायदा यायच्या कितीतरी आधीपासून. कायद्यातली पीक आराखड्याची कल्पना आकाशातून पडलेली नाही, आपल्याच गावांनी ती आधी करून दाखवली.

---

बालाघाटी

सगळ्यांचे मनापासून आभार. मांजऱ्या काका, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री मी आणि पाणीपुरवठ्याचा कर्मचारी ओढ्यापलीकडे गेलो. अधिग्रहण संपल्यापासून बोअरची मोटर बंद आहे. झाकण काढून कान लावला. खाली खोल कुठेतरी पाणी पडत होतं. थेंबथेंब नाही, सलग. दोघेही काही बोललो नाही. घरी येऊन झोप लागली नाही.

संत्रावाला दादा, तुमच्या कुऱ्हाडीच्या घावाचं वाचलं आणि भावकीतल्या त्या माणसाकडे जाऊन बसलो. त्यालाही तो आवाज ऐकवला. तो इतकंच म्हणाला, "मग माझंही पाणी असंच जात असणार." आज पहिल्यांदा आमचं भांडण न होता बोलणं झालं.

---

मांडवीतीर

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे २००२ चा भूजल नियमन कायदा आहे. विहिरीची नोंदणी त्यात आहेच. टँकरने पाणी नेण्यावरही नियंत्रण आहे. कारण आमचं दुखणं शेतीच्या बोअरचं कमी आणि टँकरचं जास्त. पाऊस मराठवाड्याच्या चौपट, तरी किनारपट्टीच्या गावांत एप्रिल-मे मध्ये विहिरी खारट होतात. हॉटेलांकडे जाणारे टँकर कुठल्या बांयतून (विहिरीतून) भरतात हे वाड्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं, पण लेखी तक्रार करायला कुणी पुढे येत नाही. लेखी दिल्याशिवाय काही हलत नाही, हा माझा अनुभव.

---

फ्रेस्नोकर

कॅलिफोर्नियात शेतीच्या पट्ट्यात राहतो. योगायोग बघा, इथलाही भूजल कायदा २०१४ चाच. तोपर्यंत इथेही ज्याची जमीन त्याचं पाणी असंच चालायचं, बदामाच्या बागांनी जमीन अक्षरशः खचवली. कायद्याने जास्त उपशाच्या महत्त्वाच्या खोऱ्यांना स्वतःची संस्था स्थापून आराखडा करायला लावला आणि उपसा-भरण्याचा मेळ घालायला सर्वांत बिकट खोऱ्यांना २०४० पर्यंत, बाकीच्यांना २०४२ पर्यंत मुदत दिली. आराखडा नीट नसेल तर राज्याचं जलमंडळ मध्ये पडतं. २०२४ मध्ये तुलारे लेक खोऱ्याबाबत पडलं, तेव्हा शेतकरी कोर्टात गेले. इथेही सुरळीत काही नाही. पण या खोऱ्यांना तारीख दिलेली आहे, आणि त्या तारखेमुळे लोक एका टेबलाशी येऊन बसतात.

---

काळाकोट

बालाघाटी, आता कामाचं.

एक, ग्रामसभेचा ठराव घ्या की अमुक गटातली विहीर हा गावचा सार्वजनिक पिण्याच्या पाण्याचा स्रोत आहे, आणि त्यात ५०० मीटरच्या आत येणाऱ्या सगळ्या गटांचे क्रमांक लिहा. नुसतं "परिसर" लिहू नका. तलाठ्याकडून नकाशावर वर्तुळ काढून घ्या. ठरावाची प्रत तहसील आणि भूजल यंत्रणा दोन्हीकडे पोच घेऊन द्या. सोळा दिवस जो कागद शोधलात, तो तयार ठेवा.

दुसरं, गाडी दिसली त्याच रात्री फोटो, गाडीचा क्रमांक आणि वेळ टिपून लेखी कळवा. गाडीवाला शेतकरी नसतो, तो धंदा करतो, आणि नोंदणी हा त्याच्या धंद्याचा परवाना आहे. मी पाहिलेल्या प्रकरणांत जिथे गाडीवर बोट ठेवलं तिथे काम थांबलं, जिथे फक्त शेतकऱ्यावर ठेवलं तिथे भावकीचं भांडण होऊन विषय संपला.

संत्रावाला दादांचा कालव्याचा मुद्दा मी खोडणार नाही. तो बरोबर आहे. पृष्ठभागावरच्या पाण्याच्या समन्यायी वाटपाची तरतूद २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात आहे, जायकवाडीला वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा वाद त्यावरच उभा राहिला. पण कालवा आणि बोअर यांचा एकत्र हिशोब कुठेही मांडला जात नाही. तो मांडला जाईपर्यंत कोरडवाहू शेतकऱ्याला कायदा आपला वाटणार नाही, आणि त्याचं चूक आहे असं मी म्हणणार नाही.

---

संत्रावाला_वरुड

ताई, हे लिहिलंत म्हणून बरं वाटलं. दोन बोअर या आठवड्यात बुजवतोय. मांजऱ्या काका, नुसती माती टाकून चालेल का?

---

मांजऱ्या

नुसती माती खचते आणि वाट पुन्हा उघडते. खाली दगडगोटे व मुरूम, आणि वरच्या पाणी धरणाऱ्या थरासमोर चिकणमाती दाबून भरा. सगळ्यात वर सिमेंटचा थर द्या. पोरंबाळं पडण्याचा धोकाही त्याने जाईल. भरण्याआधी खोली आणि पाण्याची पातळी वहीत लिहून ठेवा.

---

बालाघाटी

महिन्याने लिहितोय, उशीर झाला.

ग्रामसभा झाली. ठरावात तेवीस गट आले, त्यात माझाही एक आहे. दोन जणांनी विरोध केला, एक जण सभेतून उठून गेला. तलाठ्यांनी नकाशावर वर्तुळ काढून दिलं, ते पंचायतीच्या भिंतीवर रंगवलंय, गट क्रमांकांसहित. ओढ्यापलीकडचं बोअर बुजवलेलं नाही. मालक म्हणतो की बागेला दुसरी सोय झाली की बुजवतो. तोपर्यंत वरच्या भागाला केसिंग वाढवून आतली वाट बंद करायचं ठरलंय, खर्च निम्मा त्याचा, निम्मा गावाचा. यावरही गावात दोन मतं आहेत. गावाने पैसे का द्यावेत, असं विचारणाऱ्यांना माझ्याकडे पुरतं उत्तर नाही.

पहिल्या अर्जावर अजून निर्णय आलेला नाही. पंचनाम्याची प्रत मागितली आहे.

शाळेतली सातवीची मुलं दर सोमवारी सकाळी मोटर सुरू व्हायच्या आधी विहिरीत टेप सोडतात. पहिल्या सोमवारी काठापासून १२.६ मीटर होतं. काल, तीन पाऊस झाल्यावर, ११.९. वही पंचायतीत टांगलेली आहे. मांजऱ्या काका, ऑक्टोबरची निरीक्षण विहिरीची नोंद आमच्या नोंदीशी कशी ताडून पाहायची, तेवढं सांगाल का?